वाचकांचे प्रश्न : वायद्याचा चार्ट आणि त्याखालचा हिशेब

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी कमोडिटी वायद्यांच्या, म्हणजे पुढच्या ठरावीक महिन्यात माल ठरलेल्या भावाला घेण्या-देण्याच्या करारांच्या, चार्टबद्दल आहेत. बहुतेकांनी एखादे चार्टिंग सॉफ्टवेअर घेतले आहे, त्यात चार-दोन इंडिकेटर, म्हणजे भावांवरून सूत्राने काढलेले आकडे, लावले आहेत आणि आता कुठेतरी मेळ बसत नाही म्हणून ते विचारत आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. प्रश्न इंडिकेटरबद्दल विचारलेला असतो, पण दुखणे बहुतेक वेळा त्याच्या खालच्या आकड्यांत किंवा सौद्याच्या आकारात असते. म्हणून उत्तरांत आकडेमोड टाळलेली नाही. कागद-पेन्सिल जवळ ठेवून ती वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : मी कच्च्या तेलाच्या एकाच वायद्याचा दैनिक चार्ट दोन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहतो. दोन्हीकडे १४ दिवसांचा आरएसआय लावलेला आहे. एकात तो ६८ दिसतो, तर दुसऱ्यात ७३. सत्तरच्या वर गेला की विक्री करायची, असे मी ठरवले आहे. मग कोणाचे खरे मानायचे?

उत्तर : दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, आणि हे कसे ते समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे. अलीकडच्या वाढी घटींच्या तुलनेत किती मोठ्या आहेत, हे ० ते १०० मध्ये सांगणारा आकडा म्हणजे आरएसआय. वेल्स वाइल्डर या मेकॅनिकल इंजिनिअरने तो १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची रीत अशी : पहिल्या १४ दिवसांतील वाढींची आणि घटींची साधी सरासरी काढायची, पंधराव्या दिवसापासून मात्र आदल्या दिवशीच्या सरासरीला १३ ने गुणून त्यात आजची वाढ किंवा घट मिळवायची आणि १४ ने भागायचे. या रीतीमुळे जुन्या दिवसांचा प्रभाव एकदम नाहीसा होत नाही, तो हळूहळू ओसरत जातो. काही सॉफ्टवेअर मात्र दर वेळी फक्त शेवटच्या १४ दिवसांची साधी सरासरी घेतात. नाव तेच, आकडा १४ हाच, पण गणित वेगळे.

दुसरे कारण इतिहासाच्या लांबीचे. समजा, एका सॉफ्टवेअरने चार्ट उघडताना मागचे केवळ ३० दिवस आणले. म्हणजे सुरुवातीच्या सरासरीनंतर जेमतेम पंधरा-सोळा वेळा हिशेब पुढे सरकला. तेरा भागिले चौदा ही संख्या स्वतःशी सोळा वेळा गुणली तर सुमारे ०.३० येते, याचा अर्थ आजच्या आकड्यातही त्या सुरुवातीच्या सरासरीचे वजन तीस टक्क्यांच्या आसपास शिल्लक आहे. शंभर दिवस पुढे गेल्यावर तेच वजन हजारात एकाहूनही कमी उरते. त्यामुळे वाइल्डरच्या रीतीने काढलेला कोणताही इंडिकेटर पाहताना मागे निदान शंभर-दीडशे दिवसांचे भाव भरलेले असावेत.

तिसरे कारण सर्वांत साधे, आणि म्हणूनच नजरेतून निसटणारे. ‘क्लोज’ म्हणजे नेमके काय? एक सॉफ्टवेअर दिवसाचा शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो भाव घेते, दुसरे एक्स्चेंजने जाहीर केलेला सेटलमेंट भाव घेते. वायदे बाजारात हे दोन भाव वेगळे असतात, कारण सेटलमेंट ठरावीक वेळेच्या सौद्यांवरून काढली जाते आणि त्यानंतरही व्यवहार सुरू राहू शकतात. रोजचा नफा-तोटा आपल्या खात्यात सेटलमेंट भावाने जमा-वजा होतो, म्हणून दैनिक चार्टसाठी मी सेटलमेंटच पसंत करतो. सॉफ्टवेअरमध्ये वेळेचा पट्टा किंवा सत्राची सुरुवात चुकीची नोंदलेली असेल, तर दिवसच वेगळ्या जागी तुटतो आणि मग उच्चांक, नीचांक, क्लोज यांपैकी काहीच जुळत नाही.

आपण एक करावे. दोन्हीकडचे शेवटच्या वीस दिवसांचे क्लोज एका स्प्रेडशीटमध्ये शेजारी-शेजारी लिहावेत. ते जुळत नसतील तर आरएसआयची चर्चा तिथेच थांबवून आधी भावांचा प्रश्न सोडवावा. ते जुळत असतील तर फरक सूत्राचा किंवा इतिहासाच्या लांबीचा आहे, आणि सेटिंगच्या पानावर तो सापडतो.

आता आपल्या नियमाबद्दल. ६८ आणि ७३ एवढ्या फरकावर ज्या सौद्याचे होणे-न होणे अवलंबून आहे, तो सौदा मुळातच कच्च्या पायावर उभा आहे. बाजाराला जोरदार तेजी असते तेव्हा आरएसआय सत्तरच्या वर कित्येक आठवडे राहू शकतो, आणि त्या काळात दर वेळी विक्री करणारा माणूस सर्वांत चांगल्या तेजीच्या विरुद्ध उभा राहतो. सत्तरची रेघ एवढेच सांगते की अलीकडच्या दिवसांत वाढी घटींपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. भाव आता खाली वळेल, असे ती सांगत नाही.

प्रश्न : सॉफ्टवेअरमध्ये ‘कंटिन्युअस’ नावाचा सलग चार्ट मिळतो. एका ठिकाणी त्यात दर महिन्याला उडी दिसते, दुसऱ्या ठिकाणी उडी नाही, पण जुने भाव प्रत्यक्षात कधीच नव्हते इतके खाली दिसतात. एका वस्तूचे तर शून्याखाली गेले आहेत. हा दोष आहे का?

उत्तर : हा दोष नाही, परंतु माझ्या मते वायद्याच्या चार्टमध्ये सर्वाधिक लोक जिथे फसतात ती जागा हीच आहे. मीही इथेच फसलो होतो. सुरुवातीच्या काळात एका डेटा पुरवठादाराचा सलग चार्ट मी न तपासता वापरला, त्यावर दोन मूव्हिंग ॲव्हरेजचा (ठरावीक दिवसांच्या सरकत्या सरासऱ्यांचा) छेद पाहून खरेदी केली, आणि नंतर लक्षात आले की तो छेद भाव वाढल्यामुळे झालेलाच नव्हता. चार्ट जुन्या महिन्याच्या करारावरून नव्या महिन्याच्या करारावर गेला होता, एवढेच.

शेअरला मुदत नसते, वायद्याला असते. म्हणून अनेक वर्षांचा सलग चार्ट हवा असेल तर वेगवेगळ्या महिन्यांचे करार एकापुढे एक जोडावे लागतात. समजा, मुदत संपत आलेला करार ७० डॉलरला आहे आणि पुढच्या महिन्याचा ७२ डॉलरला. नुसते टोकाला टोक जोडले तर चार्टवर २ डॉलरची उडी दिसते. पण त्या दिवशी २ डॉलरचा नफा कोणालाही झालेला नसतो. ज्याच्याकडे खरेदी होती त्याने जुना करार ७० ला विकला आणि नवा ७२ ला घेतला.

ही खोटी उडी इंडिकेटरला मात्र खरी वाटते. वाढींच्या सरासरीला दोन्ही सरासऱ्यांच्या बेरजेने भागून शंभरने गुणले की आरएसआय मिळतो. वाढींची सरासरी ०.४० आणि घटींचीही ०.४० असेल तर आरएसआय बरोबर ५० असतो. आता २ ची उडी मिळवा : वाढींची सरासरी ०.४० गुणिले १३, अधिक २, भागिले १४, म्हणजे सुमारे ०.५१; घटींची सुमारे ०.३७. आरएसआय ५८ वर गेला. बाजार जागचा हललेला नसताना इंडिकेटर आठ अंकांनी चढला.

हे टाळण्यासाठी जुने सगळे भाव त्या फरकाइतके सरकवतात. वरच्या उदाहरणात मागच्या प्रत्येक भावात २ मिळवायचे, मग त्याआधीच्या जोडाचा फरक त्याच्याही मागच्या भावांत, असे करत शेवटपर्यंत जायचे. याला बॅक-ॲडजस्ट केलेला चार्ट म्हणतात. पुढच्या महिन्यांचे करार महाग असतात, म्हणजेच कंटँगो असते, तेव्हा या रीतीने जुने भाव खऱ्यापेक्षा वर सरकतात. उलट जवळचा करार महाग असेल, म्हणजे बॅकवर्डेशन असेल, तर फरक वजा होत जातो आणि जुने भाव खाली सरकतात. बॅकवर्डेशन दीर्घकाळ टिकले की वजाबाकी साठत जाते आणि वीस वर्षांपूर्वीचा भाव चार्टवर शून्याखालीही जाऊ शकतो. आपल्याला दिसले ते हेच.

मग कोणता चार्ट कशासाठी, हे ठरवून घ्यावे. आरएसआय, एटीआर (भावाच्या रोजच्या चढ-उताराची सरासरी), एमएसीडी (दोन सरासऱ्यांतला फरक) आणि मूव्हिंग ॲव्हरेजचे छेद हे सगळे भावांमधील फरकांवर चालतात; सगळे जुने भाव एका प्रमाणात न बदलता एका रकमेने सरकवले तरी दिवसादिवसांमधील फरक तसेच राहतात, म्हणून या इंडिकेटरना वर सांगितलेली रीत मानवते. टक्केवारी काढणाऱ्या इंडिकेटरचे मात्र त्यात पार वाटोळे होते, कारण ७० वर ७ म्हणजे दहा टक्के, पण तोच भाव सरकून १४ झालेला असेल तर ७ म्हणजे पन्नास टक्के. तिथे बेरीज-वजाबाकीऐवजी गुणोत्तराने जोडलेला चार्ट घ्यावा. आणि आधार-प्रतिकाराच्या, म्हणजे भाव पूर्वी जिथून वळला होता त्या पातळ्यांच्या, आडव्या रेघा मारायच्या असतील, तर दोन्ही बाजूला ठेवून प्रत्यक्ष ज्या महिन्याच्या करारात सौदा करायचा आहे त्याचाच चार्ट उघडावा. ॲडजस्ट केलेल्या चार्टवरचा जुना उच्चांक हा असा भाव आहे की ज्याला त्या काळी एकही सौदा झालेला नव्हता. त्या भावाची आठवण बाजारात कोणाकडे असणार?

धान्यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. शिकागोच्या मक्याच्या वायद्याचे महिने मार्च, मे, जुलै, सप्टेंबर आणि डिसेंबर असे आहेत. जुलैचा करार जुन्या पिकाचा आणि डिसेंबरचा नव्या पिकाचा. या दोहोंतला फरक म्हणजे केवळ साठवणुकीचा खर्च आणि व्याज नव्हे. जुने पीक किती उरले आहे आणि नवे किती येणार आहे, याबद्दलचे बाजाराचे दोन वेगवेगळे अंदाज त्यात असतात. असे करार जोडून केलेल्या सलग रेषेवर या जोडाच्या आसपास मी स्वतः कोणताही सिग्नल घेत नाही.

प्रश्न : आरएसआय, स्टोकॅस्टिक, विल्यम्स आर, सीसीआय आणि एमएसीडी हे पाचही इंडिकेटर एकाच वेळी खरेदी दाखवतात तेव्हाच मी खरेदी करतो. एवढी खात्री करूनही तोटा का होतो?

उत्तर : एकाच माणसाकडून ऐकलेली गोष्ट पाच जणांनी येऊन सांगितली, तर त्या पाच साक्षी होत नाहीत. आपण नाव घेतलेले पाचही इंडिकेटर भावांतूनच काढलेले आहेत. त्यातल्या दोघांचे उदाहरण पाहा. जॉर्ज लेन यांच्या नावाने ओळखला जाणारा स्टोकॅस्टिक, ठरावीक दिवसांच्या उच्चांक-नीचांकाच्या पट्ट्यात आजचा क्लोज तळापासून किती टक्क्यांवर आहे ते सांगतो. विल्यम्स आर तोच क्लोज त्याच पट्ट्याच्या माथ्यापासून किती खाली आहे ते सांगतो. दिवस सारखे घेतले तर सरासरी न काढलेला स्टोकॅस्टिक ८० असताना विल्यम्स आर उणे २० असतो, नेहमीच. हे दोन वेगळे आकडे नव्हेतच. डोनाल्ड लँबर्ट यांनी १९८० मध्ये मांडलेला सीसीआय कमोडिटी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाला खरा, पण त्याचाही कच्चा माल दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि क्लोज एवढाच. जेराल्ड ॲपल यांचा एमएसीडी हा १२ आणि २६ दिवसांच्या सरासऱ्यांतला फरक आणि त्या फरकाची ९ दिवसांची सरासरी आहे. तो इतरांच्या मागाहून येतो. त्यामुळे पाचांचे एकमत होण्याची वाट पाहणे म्हणजे त्यांतल्या सर्वांत मंद असलेल्याची वाट पाहणे. तोवर भाव बराच पुढे गेलेला असतो आणि आपण चढलेल्या भावाला खरेदी करता.

पाचांपैकी एक ठेवावा आणि उरलेल्या जागेत भावापलीकडची माहिती आणावी. वायद्यांमध्ये ती उपलब्ध आहे, आणि तिचा वापर फारच थोडे लोक करतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या करारांची संख्या, घ्या. भाव वाढतो आहे आणि ओपन इंटरेस्टही वाढते आहे, म्हणजे नवे सौदे उघडले जात आहेत. भाव वाढतो आहे पण ओपन इंटरेस्ट घटते आहे, म्हणजे विक्री करून बसलेले लोक आपले सौदे मिटवत आहेत आणि ती वाढ त्यांचे मिटवणे संपेपर्यंतच टिकण्याची भीती असते. मात्र सगळ्या महिन्यांचे मिळून ओपन इंटरेस्ट पाहावे, कारण एकट्या कराराचे ओपन इंटरेस्ट मुदत जवळ आली की आपोआप घटतेच. जवळच्या आणि लांबच्या महिन्यांच्या भावांतला फरकही चार्टवर वेगळी रेघ म्हणून काढता येतो. माल आज किती टंचाईत आहे हे तो फरक कोणत्याही आरएसआयपेक्षा आधी बोलून दाखवतो. अमेरिकेतील वायद्यांसाठी तिथल्या सीएफटीसी या नियामक संस्थेचा साप्ताहिक अहवाल आहे, ज्यात उत्पादक-व्यापारी आणि फंड यांच्याकडे किती खरेदी-विक्री उभी आहे ते कळते. तो शुक्रवारी येतो, पण त्यातले आकडे मंगळवारचे असतात. चार्टवर लावताना ते शुक्रवारीच लावावेत, नाहीतर मागे वळून पाहताना आपल्याला तीन दिवस आधी सगळे माहीत होते असा भास होईल.

प्रश्न : फुकट मिळणारे सॉफ्टवेअर पुरते की पैसे भरून घ्यावे?

उत्तर : इंडिकेटरसाठी पैसे भरू नयेत, वर आलेली सर्व सूत्रे गेली कित्येक दशके सर्वांना खुली आहेत आणि साध्या स्प्रेडशीटमध्येही बसतात. पैसे भरायचेच असतील तर स्वच्छ भावांसाठी भरावेत : प्रत्येक महिन्याच्या कराराचा वेगळा इतिहास, सेटलमेंट भाव, ओपन इंटरेस्ट आणि सलग चार्ट कोणत्या दिवशी, कोणत्या रीतीने जोडायचा हे ठरवण्याची मोकळीक. ज्या सॉफ्टवेअरचे सूत्र पाहायला मिळत नाही आणि जे केवळ हिरवे-लाल बाण दाखवते, ते फुकट मिळाले तरी घेऊ नये.

प्रश्न : मी मूव्हिंग ॲव्हरेजच्या सगळ्या जोड्या दहा वर्षांच्या भावांवर तपासल्या. १७ आणि ८३ दिवसांची जोडी सर्वांत फायद्याची निघाली. त्यावर एका इंडिकेटरची खूण जोडली, जी प्रत्येक वळण अचूक दाखवते. बॅकटेस्टमध्ये, म्हणजे जुन्या भावांवर पद्धत चालवून पाहताना, नफाच नफा, प्रत्यक्षात मात्र सहा महिन्यांत खाते निम्म्यावर आले आहे.

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, आणि पहिली विनंती अशी की हे उत्तर पूर्ण होईपर्यंत नवा सौदा करू नये.

‘प्रत्येक वळण अचूक’ हे शब्द वाचताच संशय यायला हवा. झिगझॅगसारखे काही इंडिकेटर वळणाची खूण वळणाच्या दिवशी काढत नाहीत. भाव तिथून पुरेसा दूर गेल्यावर ते मागे जाऊन त्या जुन्या दिवशी खूण लावतात. जुन्या चार्टवर पाहताना खूण नेमकी तळाला दिसते, पण त्या दिवशी चार्ट उघडून बसलेल्या माणसाला ती दिसलेली नव्हती. याची परीक्षा सोपी आहे. बाजार सुरू असताना आजच्या चार्टचे चित्र साठवून ठेवावे आणि दहा दिवसांनी त्याच जागेवरच्या खुणांशी ताडून पाहावे. खुणा हललेल्या असतील तर तो इंडिकेटर बॅकटेस्टमधून त्याच क्षणी काढून टाकावा. असाच दुसरा दोष म्हणजे, दिवसाच्या क्लोजवरून सिग्नल काढायचा आणि सौदाही त्याच क्लोजला झाला असे धरायचे. क्लोज कळला तेव्हा बाजार संपलेला होता. सौदा पुढच्या सत्राच्या सुरुवातीच्या भावाला झाला असे धरून हिशेब पुन्हा मांडावा.

आता १७ आणि ८३. छोटी सरासरी ५ ते ३० आणि मोठी ४० ते २०० एवढीच मर्यादा घेतली तरी २६ गुणिले १६१, म्हणजे ४,१८६ जोड्या होतात. चार हजारांहून अधिक जोड्यांतली पहिली आलेली जोडी काही ना काही नफा दाखवणारच. भावांच्या जागी नाणेफेकीचे आकडे भरले असते तरी कोणतीतरी जोडी पहिली आलीच असती. म्हणून पहिल्या क्रमांकाकडे न पाहता तिच्या शेजाऱ्यांकडे पाहावे. १५ आणि ८०, २० आणि ९०, १८ आणि ७५ या जोड्याही बऱ्यापैकी नफा दाखवत असतील तर त्या भागात काहीतरी तथ्य असण्याची शक्यता आहे. १७-८३ ला भरघोस नफा आणि १६-८३ ला तोटा असेल, तर आपल्याला त्या दहा वर्षांतल्या दोन-तीन मोठ्या सौद्यांचा योगायोग सापडला आहे. पहिल्या सहा वर्षांवर जोडी निवडावी आणि उरलेली चार वर्षे अजिबात न पाहिलेली अशी राखून ठेवून, त्यांवर ती फक्त एकदाच चालवावी. दुसऱ्यांदा चालवली की ती वर्षेही पाहिलेलीच झाली.

खर्च धरला होता का, हे आपण लिहिलेले नाही. शिकागोच्या मक्याचा एक करार ५,००० बुशेलचा, आणि भावाची सर्वांत छोटी पायरी पाव सेंटची, म्हणजे प्रत्येक करारामागे साडेबारा डॉलरची. खरेदीत एक पायरी आणि विक्रीत एक पायरी घसरली तर एका सौद्यामागे २५ डॉलर गेले. दोनशे सौद्यांत ५,००० डॉलर. दलाली त्याहून निराळी. बॅकटेस्टमधल्या एकूण नफ्याला सौद्यांच्या संख्येने भागून पाहावे. जर एका सौद्यामागचा नफा या खर्चाच्या दुपटीहूनही कमी असेल, तर ती पद्धत प्रत्यक्षात चालणे अवघड आहे.

प्रश्न : खात्यात ५०,००० डॉलर आहेत. मार्जिन पुरत असल्याने कच्च्या तेलाचा पूर्ण करार घेतो आणि तोटा मर्यादित राहावा म्हणून ५० सेंटवर स्टॉप लॉस (भाव तेवढा विरुद्ध गेला की सौदा मिटवण्याचा आदेश) लावतो. दिशा बहुतेक वेळा बरोबर निघते, पण त्याआधीच स्टॉप लागतो.

उत्तर : आपण करार मार्जिन पाहून घेता आणि स्टॉप खिसा पाहून लावता. हे दोन्ही निर्णय बाजार पाहून घ्यायचे आहेत. मार्जिन हे आपला सौदा बुडाला तर समोरच्याचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून घेतलेले तारण आहे. किती मोठा सौदा आपल्याला झेपेल, याचे माप ते नाही.

इथे एटीआर उपयोगी पडतो, आणि सगळ्या इंडिकेटरमध्ये मला सर्वांत मोलाचा वाटतो तोही हाच, कारण तो दिशा सांगण्याचा आव आणत नाही. हाही वाइल्डर यांचाच. दिवसाचा उच्चांक वजा नीचांक, उच्चांक आणि कालचा क्लोज यांतले अंतर, नीचांक आणि कालचा क्लोज यांतले अंतर, या तिन्हींतले मोठे ते त्या दिवसाचे खरे अंतर. त्याची सरासरी म्हणजे एटीआर. कालच्या क्लोजला यात जागा का दिली, ते वायद्यांमध्येच नीट कळते. बाजार उघडताच भाव एक्स्चेंजने दिवसासाठी ठरवलेल्या कमाल मर्यादेला जाऊन तिथेच अडकला, तर दिवसाचा उच्चांक आणि नीचांक एकच होतो आणि त्यांतला फरक शून्य येतो. वरवर पाहता तो सर्वांत शांत दिवस. प्रत्यक्षात सर्वांत खळबळीचा.

समजा, तेलाचा एटीआर २ डॉलर आहे. म्हणजे काहीही विशेष न घडता भाव दिवसभरात २ डॉलरने वर-खाली होतो. त्यात ५० सेंटवरचा स्टॉप लागणारच; दिशेशी त्याचा काही संबंध नाही. बाजाराला हलायला जागा द्यायची म्हणून दोन एटीआर, म्हणजे ४ डॉलरवर स्टॉप ठेवला, तर न्यूयॉर्कच्या तेलाच्या १,००० बॅरलच्या करारात तोटा ४,००० डॉलर, आपल्या खात्याच्या आठ टक्के. एका सौद्यात एक टक्का, म्हणजे ५०० डॉलर गमवायची तयारी ठेवली असेल तर पूर्ण करार आठ पट मोठा आहे. १०० बॅरलचा मायक्रो करार घेतला तर तोटा ४०० डॉलर, आणि तो एकच बसतो.

एवढा छोटा सौदा करायचा, हे मनाला पटत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा हिशेब पाहा. शंभरात चाळीस सौदे फायद्याचे असतील, आणि तेजी-मंदीच्या मागे जाणाऱ्या पद्धतींत तोट्याचे सौदे संख्येने जास्तच असतात, तर कोणत्याही दिवसापासून पुढचे सहाच्या सहा सौदे तोट्याचे निघण्याची शक्यता सुमारे पावणेपाच टक्के आहे. वर्षभरात हे घडणे अगदी साहजिक आहे. दर वेळी आठ टक्के गेले तर त्या सहा सौद्यांत खात्यातले ३९ टक्के जातात. मायक्रो करारात पाच टक्केही जात नाहीत. रिचर्ड डेनिस आणि विल्यम एकहार्ट या वायदे व्यापाऱ्यांनी १९८३ मध्ये नवख्या लोकांना प्रशिक्षण देऊन वायद्यांत उतरवले, ‘टर्टल’ या नावाने ते पुढे ओळखले गेले. त्यांचा २० आणि ५५ दिवसांचा उच्चांक-नीचांक मोडण्याचा नियम सर्वांना पाठ असतो. त्यांनी प्रत्येक सौद्याचा आकार एटीआरवरून ठरवला होता आणि एकमेकांशी नाते असलेल्या बाजारांत मिळून किती सौदे करायचे यालाही मर्यादा घातली होती, हे मात्र क्वचितच कोणी सांगते. कच्चे तेल, पेट्रोल आणि हीटिंग ऑइल असे तीन सौदे एकाच दिशेने केले, तर एक टक्क्याचा धोका तीन ठिकाणी वाटला गेला असे समजू नये; तो तीन टक्क्यांच्या जवळचा एकच सौदा आहे.

प्रश्न : गुरुवारी नैसर्गिक वायूच्या सौद्याला स्टॉप लावलेला असताना त्यापेक्षा कितीतरी वाईट भावाला सौदा मिटला. सॉफ्टवेअरवर तर स्टॉपची रेघ स्पष्ट दिसत होती. असे कसे होऊ शकते?

उत्तर : चार्टवरची ती रेघ म्हणजे एक सूचना आहे, त्या भावाला पलीकडून कोणी घ्यायला किंवा विकायला उभा असेल, याची हमी तीत नाही. साधा स्टॉप लागताच तो बाजारभावाचा आदेश होतो आणि पुढे जो भाव मिळेल त्याला सौदा मिटतो. स्टॉप-लिमिट लावला तर भावावर मर्यादा येते, पण भाव ती मर्यादा ओलांडून गेला तर सौदा मिटतच नाही आणि तोटा वाढत राहतो. धान्यांत भाव दिवसाच्या मर्यादेला अडकला तर दोन्ही प्रकारांचा उपयोग होत नाही.

सर्वांत टोकाचे उदाहरण २० एप्रिल २०२० चे. न्यूयॉर्कच्या कच्च्या तेलाचा मे महिन्याचा करार आदल्या सत्रात १८.२७ डॉलरला बंद झाला होता; मुदत संपायला एक दिवस उरला असताना माल ठेवायला जागा मिळेना, आणि तो करार त्या दिवशी उणे ३७.६३ डॉलरला बंद झाला. जूनचा करार मात्र त्याच दिवशी २० डॉलरच्या आसपास होता. ज्यांचा सलग चार्ट आधीच जूनवर गेलेला होता त्यांना हे भगदाड दिसलेही नाही. ज्यांचा चार्ट मेवर होता त्यांना ते दिसले, पण लॉगरिदमिक (सारख्या टक्क्यांना सारखे अंतर देणारी) मोजपट्टी लावलेल्या चार्टवर शून्याखालचा भाव काढताच येत नाही. चार्ट कोणत्या कराराचा आहे हा प्रश्न पुन्हा इथे येतो.

आपल्या पत्रातला सौदा नैसर्गिक वायूचा आणि दिवस गुरुवार होता. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याचा वायूच्या साठ्याचा साप्ताहिक आकडा सर्वसाधारणपणे गुरुवारीच, तिथल्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी साडेदहाला जाहीर होतो. तेलाचा सर्वसाधारणपणे बुधवारी त्याच वेळी, आणि धान्यांचा अमेरिकी कृषी खात्याचा मासिक अंदाज दुपारी बारा वाजता. त्या मिनिटाला समोरचे खरेदीदार-विक्रेते आपले भाव मागे घेतात आणि मधली जागा रिकामी होते. सॉफ्टवेअरमध्ये एक मिनिटाचा चार्ट उघडून मागच्या दहा गुरुवारी साडेदहाची ती एक मेणबत्ती (त्या मिनिटाचा उच्चांक-नीचांक दाखवणारी खूण) किती लांबीची होती ते मोजावे आणि कागदावर लिहावे. आपला स्टॉप त्यातल्या बहुतेकांपेक्षा जवळ असेल, तर आकडा येण्यापूर्वी सौदा कमी करावा किंवा मिटवून ठेवावा, आणि आकडा आल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी चार्ट पुन्हा पाहावा.